उतारावरचा वेग: हौशी स्वाराच्या थराराची मीमांसा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळला महामार्गाला दोन फाटे फुटतात. डावीकडचा रस्ता केतकावळ्याच्या बालाजी मंदिरावरून नारायणपूरचा घाट चढतो. उजवीकडचा भोरला जातो. भोरहून पुढे एक वाट वरंध घाटाने महाडकडे कोकणात उतरते, तर दुसरी आंबाडखिंडीतून मांढरदेवीवरून वाईला. पुण्यातल्या सायकलस्वारांना कापूरहोळ चांगलं ठाऊक आहे. रविवारी सकाळी कात्रज ओलांडून आलेली टोळकी इथे चहा-पोह्यांना थांबतात आणि परतीच्या वेळी पुन्हा थांबतात. परतीच्या थांब्यावरच्या गप्पा ऐकण्यासारख्या असतात. चढावर फेस आलेला असतो, पण त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पहिला प्रश्न येतो, "उताराला मॅक्स किती लागला?" कुणी म्हणतो अडुसष्ट, कुणी एकाहत्तर, आणि पन्नासवाला गप्प बसतो.

हे लोक हौशी आहेत. त्यांना कुणी पगार देत नाही, शर्यत नसते, बक्षीस नसतं, सोमवारी कचेरी असते. तरीही ताशी सत्तर किलोमीटरला ते दोन बोटं रुंदीच्या टायरवर आपला जीव तोलतात. बर्फावरच्या हौशी स्कीपटूचंही तेच. गुलमर्ग किंवा औलीला आठवड्याभराचा कोर्स करून आलेला माणूस पहिल्या दिवशी पडायचं कसं ते शिकतो आणि शेवटच्या दिवशी सरळ रेषेत सुटायचा हट्ट धरतो. अमेरिकेतल्या उतारांवर हौशी स्वारांचे वेग मोजले गेले, तेव्हा सरासरी ताशी ४३ किलोमीटरच्या आसपास निघाली. आपल्या घाटात सायकलीवर जो वेग सहज लागतो, साधारण तोच हा.

या दोन छंदांना मी एका वर्गात धरतो. दोन्हीकडे वेग इंजिनाचा नाही आणि पायांचाही नाही. तो उंचीतून आलेला आहे. मोटारसायकलीचा थरार वेगळा. तिथे मूठ पिळली की वेग येतो, सोडली की जातो. उतारावर मूठ पिळायची सोय नाही. काही केलं नाही तरी वेग येतच राहतो, आणि कमी करायचा असेल तर काहीतरी करावं लागतं. हौशी स्वाराचा आनंद आणि त्याची चूक, दोन्हींचं मूळ मला या एका गोष्टीत दिसतं.

वेग येतो कुठून

पंच्याहत्तर किलोचा स्वार आणि बाटल्यांसकट दहा किलोची सायकल, असं ८५ किलोचं वजन धरू. रस्ता १०० मीटरला ६ मीटर उतरतो, म्हणजे घाटाच्या मानाने मध्यम उतार. त्यावर गुरुत्वाकर्षणाची पुढे ढकलणारी ओढ सुमारे ५० न्यूटन भरते. टायरचं घर्षण त्यातले चारेक न्यूटन खातं. उरलेली ओढ हवेचा विरोध तिच्याइतका होईपर्यंत वेग वाढवत राहते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने हा समतोल कधीतरी येतोच. हात हँडलच्या वरच्या भागावर ठेवून साधं बसलं तर तो ताशी ५६ किलोमीटरच्या आसपास येतो. पाठ वाकवून, कोपरं आत घेऊन, हनुवटी हँडलपाशी नेली तर तीच सायकल त्याच रस्त्यावर ताशी ६६ गाठते. पॅडल मारायला नको. फक्त अंग आक्रसून घ्यायचं.

हा शोध स्कीवाल्यांनी आधी लावला. फ्रान्सचा जाँ व्हुआर्ने १९६० च्या स्क्वॉ व्हॅली हिवाळी ऑलिंपिकमध्ये डाउनहिलचं सुवर्णपदक जिंकला, त्यामागे धातूची स्की होती आणि गुडघे दुमडून, हात पुढे धरून अंड्यासारखं होण्याची त्याने घडवलेली बैठक होती. सायकलस्वारांनी याच्याही पुढे जाऊन खोगीर सोडलं आणि आडव्या नळीवर बसून छाती हँडलवर टेकवायला सुरुवात केली. जागतिक सायकल संघटनेने १ एप्रिल २०२१ पासून शर्यतीत या बैठकीवर बंदी घातली. व्यावसायिकांना ज्याची मनाई आहे, त्याची नक्कल आपल्या रस्त्यांवर हौशी मुलं आजही करतात. हे पाहून मला मनापासून भीती वाटते, कारण त्या बैठकीत वजन पुढच्या चाकावर जातं आणि सायकल मांड्यांनी सावरता येत नाही. एक खड्डा पुरतो.

आता हा वेग किती लवकर येतो ते पाहू. वर धरलेल्या आकड्यांवरून हिशेब केला तर ताशी ५६ या अंतिम वेगाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचायला सुमारे ३७० मीटर सरळ उतार लागतो. घाटात दोन वळणांमध्ये इतकी सरळ पट्टी क्वचितच मिळते. दोनशे मीटरच्या पट्टीत, ताशी १५ ने वळणातून बाहेर पडलेला स्वार ताशी ४४ पर्यंत पोचतो. म्हणजे घाटातला वेग सरळ पट्ट्यांच्या लांबीवर ठरतो. चहाच्या टपरीवर सांगितलेला 'मॅक्स' हा बहुतेक वेळा त्या घाटातल्या सर्वांत लांब सरळ पट्टीचा आकडा असतो. तो स्वाराच्या कौशल्याचा आहे असं मानायला फारसा आधार नाही.

शरीराला काय कळतं

तीनशे मीटर उंची चढायला या ८५ किलोंना २५० किलोज्यूल काम करावं लागतं. चांगला हौशी स्वार चढावर १५० वॅट सातत्याने देतो असं धरलं तर नुसत्या उंचीसाठी अठ्ठावीस मिनिटं लागतात, घर्षण धरून अर्धा तास. तीच उंची ६ टक्के उताराने उतरायला, सरासरी ताशी ४५ ने, पावणेसात मिनिटं पुरतात. अर्ध्या तासाची कमाई सात मिनिटांत खर्च होते. ताशी ५६ च्या वेळी गुरुत्वाकर्षण ७८० वॅटने काम करत असतं, म्हणजे एका अश्वशक्तीहून थोडं जास्त. दीडशे वॅटच्या देहाला आपल्या पाचपट ताकद विनासायास हाती आल्यासारखी वाटते. स्कीवर हे प्रमाण आणखी बिघडतं. ऐंशी किलोचा माणूस २० टक्के उतारावर ताशी ४५ ने सुटला, तर सुमारे दोन किलोवॅट काम चाललेलं असतं. शिवाय बर्फावर चढाईही पायांनी केलेली नसते, केबलकारने तिकिटात वर नेलेलं असतं. सायकलस्वाराला निदान चढाने थोडी किंमत सांगितलेली असते.

चढावर शरीर स्वतःच वेगाचं मापक असतं. श्वास, मांड्या, छातीतले ठोके, सगळे मिळून क्षणोक्षणी हिशेब देतात. जरा जोर वाढवला की लगेच बिल येतं. उतारावर हा हिशेब बंद पडतो. दम लागत नाही, मांड्या गार पडतात, नाडी उतरते. वेग चौपट होतो आणि शरीराकडून येणारी सूचना मात्र विश्रांतीची असते. उरतात डोळे आणि कान. कानांत वारा घोंगावतो, डोळ्यांच्या कडांनी झाडं, कठडे, मैलाचे दगड मागे पळतात. या दृश्यप्रवाहावरूनच मेंदू वेग ओळखतो.

आणि हा प्रवाह फसवा आहे. कडेला झाडी दाट असली की ताशी ४० सुद्धा भन्नाट वाटतो. महामार्गाच्या रुंद उतारावर, दोन्ही बाजूंना मोकळं असताना, ताशी ६० संथ भासतो. दुसरी फसवणूक सवयीची. काही मिनिटं सतत वेगात राहिल्यावर तोच वेग कमी वाटू लागतो. महामार्गावरून गावात शिरणारा मोटारचालक आपण हळू आहोत असं समजून जोरात येतो, ते यामुळेच. ब्रिटनमध्ये चौकांच्या अलीकडे आडवे पट्टे जवळजवळ आणत रंगवायची पद्धत याच अभ्यासातून आली. घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर स्वाराला 'आता हात बसला' असं वाटतं. त्यात थोडा हात बसलेला असतो आणि बराचसा डोळा बधिर झालेला असतो. त्या क्षणी कोणता भाग किती, हे आतून ओळखायला त्याच्याकडे काहीच साधन नसतं.

थरार कशाचा

फ्रेंच विचारवंत रॉजे काय्वा याने १९५८ साली खेळांचे चार वर्ग पाडले: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. लहान मूल स्वतःभोवती गरगर फिरतं, मोठी माणसं आकाशपाळण्यात बसतात, स्कीवाला उतारावर सुटतो. हे सगळे भोवळीच्या वर्गातले. यात जिंकणं-हरणं नाही. क्षणभर तोल ढळू द्यायचा आणि तो परत मिळवायचा, एवढंच. मायकेल बालिंट या मानसतज्ज्ञाने १९५९ मध्ये थरारावर लिहिताना तीन गोष्टी एकत्र लागतात असं मांडलं: खरा बाह्य धोका आहे ही जाण, त्यात आपण होऊन शिरणं आणि सगळं सुखरूप पार पडेल हा विश्वास. तिसरी गोष्ट गेली की उरते ती निखळ भीती. पहिली गेली की उरतो कंटाळा.

आपल्या रसविचारात भयानक हा एक रस आहे, पण तो प्रेक्षकाचा. रंगमंचावरचा वाघ प्रेक्षकाला खात नाही, म्हणून भीतीचा आस्वाद घेता येतो. उतारावरचा स्वार हा नट आणि प्रेक्षक दोन्ही असतो, आणि वाघ खरा असतो. भीतीपासून जे अंतर रंगभूमी आपसूक देते, ते त्याला स्वतः राखावं लागतं. ते अंतर म्हणजे ब्रेकमध्ये, टायरच्या पकडीत आणि नजरेत शिल्लक ठेवलेली जागा. बालिंटच्या तिसऱ्या अटीचा हा भौतिक अर्थ आहे. सुखरूप पोचण्याचा विश्वास मीटरमध्ये मोजता येतो, आणि तो मोजायला हवा, कारण भावना म्हणून तो अतिशय स्वस्तात मिळतो.

आता एक साधं निरीक्षण. सरळ रस्त्यावरच्या ताशी ६० पेक्षा वळणातला ताशी ३० अधिक थरारक वाटतो. सरळ रेषेतला एकसमान वेग आतल्या कानाला कळतच नाही. कळतो तो वेगातला बदल: दाबलेला ब्रेक, कललेली सायकल, वळणातून बाहेर पडताना पुन्हा मिळणारी ओढ. पंधरा मीटर त्रिज्येच्या वळणात सायकल बावीसेक अंश कलवली की वेग भरतो ताशी २८. कुणाला सांगायला हा आकडा फिका आहे, पण अंगाला सर्वांत जास्त आनंद देणारी जागा हीच. चांगले स्कीपटूही वळणांबद्दलच बोलतात, धारेवर वजन टाकून स्कीने बर्फात ओढलेल्या कमानीबद्दल.

इथे दोन्ही छंदांत एक मोठा फरक पडतो. स्कीला वेगळा ब्रेक नाही. वळण हाच ब्रेक. कमान जरा जास्त ओढली की वेग उतरतो, त्यामुळे चूक झाली तर ती वळणाच्या आतच दुरुस्त करता येते. सायकलीवर हा हिशेब वळणाच्या आधी पुरा झालेला असावा लागतो. कललेल्या अवस्थेत पुढचा ब्रेक आवळला तर टायरची जी पकड वळायला लागत होती ती थांबायला खर्च होते, आणि सायकल सरळ कठड्याकडे जाते. म्हणून सायकलस्वाराचं कौशल्य बहुतांशी आगाऊ ओळखण्याचं आहे. वळण सुरू व्हायच्या आधी, ते दिसायच्या आधीही, रस्ता वाचता आला पाहिजे.

रस्ता वाचणं

सह्याद्रीतला घाटरस्ता दोन प्रकारच्या वळणांनी बनलेला असतो. डोंगराची सोंड आली की रस्ता तिला बाहेरून वळसा घालतो. ओढा आला की रस्ता आत खोबणीत शिरतो, मोरीवरून पाणी ओलांडतो आणि पलीकडून बाहेर येतो. सोंडेच्या वळणात डोंगर वळणाच्या आतल्या बाजूला असतो, म्हणून पुढचं काही दिसत नाही. ओढ्याच्या वळणात आतल्या बाजूला दरी असते, म्हणून पलीकडचा रस्ता, त्यावरची एसटी, गुरं, सगळं आधीच दिसतं. पण पावसाळ्यात वाहून आलेली खडी, मुरूम, शेवाळ आणि मोरीवरचा ओलावा नेमका इथेच साचतो. सोंडेवर नजर अडते आणि ओढ्यात टायर घसरतं. दोन्ही वळणं सारखीच घेणारा स्वार एका ठिकाणी नशिबावर चाललेला असतो.

नजर अडते म्हणजे किती? पंधरा मीटर त्रिज्येच्या वळणात दरडीचा कातळ तुमच्या मार्गापासून तीन मीटरवर असेल, तर तुम्हाला पुढचा सुमारे १९ मीटर रस्ता दिसतो. आता थांबायला काय लागतं ते पाहू. धोका ओळखून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत दीड सेकंद जातो. कोरड्या डांबरावर हौशी स्वार गुरुत्वत्वरणाच्या चार दशांश इतकी मंदी आणू शकतो, त्यातून ६ टक्के उतार वजा. या हिशेबाने ताशी २८ ला थांबायला २१ मीटर लागतात, ताशी ४० ला ३५, ताशी ५६ ला ६० आणि ताशी ७० ला ८६ मीटर. म्हणजे पकडीच्या दृष्टीने जो ताशी २८ सुखाचा होता, तो नजरेच्या दृष्टीने आधीच दोन मीटर उधार आहे. समोरून येणारी गाडी तुमच्या बाजूला घुसली तर तीही पुढे सरकत असते. तेव्हा दिसणारं अंतर जवळजवळ निम्म्यावर येतं.

हौशी स्वाराची खरी मर्यादा इथे आहे: दिसणाऱ्या रस्त्यात थांबता येईल एवढाच वेग. नसांत, टायरमध्ये, हिमतीत याहून कितीतरी जास्त शिल्लक असते, म्हणून ही मर्यादा ओलांडली तरी अंगाला काही कळत नाही. शंभर वेळा वळणापलीकडे रस्ता मोकळा निघतो. त्या शंभर वेळांतून स्वार आपण निष्णात झालो असं शिकतो, जे त्या शंभर वेळांनी सिद्ध केलेलं नसतं.

स्कीच्या जगाने हे नियमात उतरवलं आहे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या वर्तननियमांपैकी दुसरा सांगतो की वेग आपली कुवत, जमीन, बर्फ, हवामान आणि गर्दी पाहून ठेवावा. तिसरा सांगतो की मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही अशी वाट निवडावी. उतारावर पुढचा माणूस मागे पाहू शकत नाही, म्हणून जबाबदारी मागच्याची. आपल्या घाटात हा नियम लिहिलेला नाही, पण पौषात मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा भरते तेव्हा त्या रस्त्यावर चालणारी माणसं, टेंपो, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका सगळे 'पुढचे' असतात. त्या दिवसांत तिथे वेगाची हौस भागवायला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेगाचा आकडा एकटा काही सांगत नाही, याचं सर्वांत दुःखद उदाहरण मोटारशर्यतपटू मायकेल शूमाकरचं. ताशी तीनशेच्या वेगात आयुष्य काढलेला हा माणूस डिसेंबर २०१३ मध्ये फ्रान्समधल्या मेरिबेलला हौसेने स्की करताना आखलेल्या वाटेबाहेर खडकाला अडखळून पडला. हेल्मेट डोक्यावर होतं. तपास करणाऱ्यांनी वेग हे निर्णायक कारण मानलं नाही. कारण ठरला तो बर्फातला खडक.

हेल्मेटबद्दलही समज स्पष्ट हवी. युरोपीय मानकांत स्कीचं आणि सायकलचं हेल्मेट दीड मीटर उंचीवरून सपाट लोखंडी ऐरणीवर आपटून तपासतात. तेव्हाचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो. तोल जाऊन डोकं रस्त्यावर आदळतं तेव्हाचा उभा वेग साधारण एवढाच, म्हणून हेल्मेट अत्यंत उपयोगी आहे आणि ते घातलंच पाहिजे. पण कठड्यावर किंवा ट्रॉलीच्या मागच्या फळीवर समोरून आदळण्याचा हिशेब त्यात धरलेला नाही.

ब्रेकची गोष्ट थोडक्यात. तीनशे मीटरचा उतार पूर्ण धरून-धरून उतरला तर वर सांगितलेले २५० किलोज्यूल बहुतेक रिममध्ये किंवा डिस्कमध्ये उष्णता होऊन जातात. पाऊण लिटर पाण्याला उकळी फुटेल इतकी ही उष्णता. रिम ब्रेकवर सतत दाब ठेवला तर ट्यूब फुटू शकते. त्यापेक्षा वळणाआधी ठामपणे दाबावं आणि मध्ये सोडून रिमला वारा लागू द्यावा. पावसात रिम ब्रेक पहिले काही फेरे नुसतं पाणी पुसतो, पकड नंतर येते. तोवर दहा-पंधरा मीटर गेलेले असतात.

आकड्याचा मोह

मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात. टूर द फ्रान्समध्ये १९३३ पासून डोंगरांचा राजा निवडला जातो, तोही चढावर. उताराला किताब नाही. इटलीच्या जिरोने २०१७ मध्ये सर्वोत्तम उतरणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं आणि सायकलस्वारांच्या जगातून एवढा विरोध झाला की शर्यत सुरू व्हायच्या आधीच ते मागे घ्यावं लागलं. व्यावसायिकांना ठाऊक होतं की उतारावर सेकंद जिंकायचे तर ते नजरेच्या उधारीतूनच जिंकावे लागतात.

हौशी स्वाराला मात्र हे बक्षीस आता मोबाइलवर मिळतं. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलेजवळच्या एका उतारावर, स्वारांच्या वेळा नोंदवणाऱ्या स्ट्रावा या ॲपवरचा गमावलेला विक्रम परत मिळवू पाहणारा एक स्वार अपघातात गेला. घरच्यांनी कंपनीवर दावा लावला, न्यायालयाने तो फेटाळला. जबाबदारी स्वाराचीच ठरली.

निखळ वेगाचीच ओढ असेल तर त्यासाठी वेगळ्या जागा बांधलेल्या आहेत. फ्रेंच आल्प्समधल्या वार्सच्या चॅब्रिएर्स उतारावर २०१७ मध्ये एरिक बारोन सायकलवर ताशी २२७.७२ ने उतरला आणि २०२३ मध्ये सिमाँ बिली स्कीवर ताशी २५५.५ ने. स्की आणि सायकल एकाच उतारावर. तिथे वळण नाही, समोरून कुणी येत नाही, तळापर्यंत सगळं दिसतं आणि थांबायला लांबलचक सपाटी आहे. म्हणजे नजरेची अट तिथे आधीच पुरी करून ठेवलेली आहे, म्हणून वेगाला मोकळीक देता आली. वरंध घाटात यातलं काहीच नाही.

मग घाटातलं कौशल्य मोजायचंच असेल तर कशाने मोजावं? 'मॅक्स' टाकून द्यावा आणि तीन गोष्टी पाहाव्यात. वळणात शिरल्यावर ब्रेकला हात लावावा लागला का? एकच उतार दोनदा उतरल्यावर प्रत्येक वळणाचा वेग सारखा राहिला का, की कुठे नशिबाने जमलं? आणि सोंडेच्या वळणावर व ओढ्याच्या वळणावर वेग वेगवेगळा ठेवला गेला का? सायकलीवरचा साधा जीपीएस या तिन्हींची उत्तरं देतो. मागची नोंद उघडून वेगाची रेघ वळणांशी जुळवून पाहिली की झालं. चांगल्या स्वाराची रेघ वळणाआधी तीव्र उतरते, वळणात सपाट राहते आणि बाहेर पडल्यावर हळूहळू चढते. कच्च्या स्वाराची रेघ वळणाच्या मध्यावर दातेरी होते, आणि त्याचा मॅक्स बहुधा जास्त असतो.